‘द हिल ऑफ देवी’ आणि देवासचे तुकोजीराव

देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) हे मराठी माणूस, त्यांचे घराणे मराठी, सोयरीक कोल्हापूरच्या छत्रपतींशी; परंतु त्यांचे जे चरित्र जगाने वाचले ते इंग्रजीत आणि एका इंग्रज कादंबरीकाराने लिहिलेले. ई. एम. फॉर्स्टरचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली लंडनला एडवर्ड अर्नोल्ड या प्रकाशनसंस्थेने काढले. तोवर महाराजांना जाऊन सोळा वर्षे होत आली होती, संस्थाने विलीन झाली होती आणि ब्रिटिश सत्तेचाही गाशा गुंडाळला गेला होता. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यापैकी मुख्य व्यक्ती हयात नाही, मात्र पुत्र हयात आहे, पत्नी हयात आहे, अशा नाजूक वेळी हे पुस्तक आले. नानाखेड्याहून देवासची टेकडी तासाभराच्या अंतरावर आहे. नवरात्रात आपल्यापैकी कितीतरी जण तेथे जातात. पण त्या टेकडीच्या नावाचे हे पुस्तक आपल्या मंडळींत क्वचितच चर्चेला येते. ते आपल्या दृष्टीने वाचावे, म्हणजे मराठी आणि माळव्याच्या दृष्टीने वाचावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पुस्तकाचे स्वरूप रूढ चरित्राचे नाही. फॉर्स्टर देवासला दोनदा येऊन राहिला. पहिल्यांदा १९१२ च्या नाताळात, पाहुणा म्हणून. आणि दुसऱ्यांदा १९२१ मध्ये महाराजांचा खासगी सचिव म्हणून, रजेवर गेलेल्या इंग्रज सचिवाच्या जागी, सुमारे सहा महिने. या दोन्ही मुक्कामांत त्याने आईला आणि आप्तेष्टांना जी पत्रे धाडली ती या ग्रंथाचा गाभा आहेत. पत्रांच्या मध्ये दुवा जोडणारी टिपणे आहेत, संस्थानाची व संस्थानिकाची ओळख करून देणारे एक प्रकरण आहे, आणि शेवटी महाराजांच्या ऱ्हासाची हकिकत आहे. ती पत्रांवर नव्हे, तर आठवणींवर आणि ऐकीव माहितीवर आधारलेली आहे. वाचकाने हा फरक सतत ध्यानात ठेवला पाहिजे. पुस्तकाच्या पूर्वार्धाचा लेखक प्रत्यक्ष साक्षीदार आहे. उत्तरार्धाचा लेखक वकील आहे.

महाराजांची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवासचे राज्य मिळवले आणि ते दोघांत वाटले गेले. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. गावचे रस्ते, वस्ती, इतकेच काय, देवीची टेकडीदेखील या वाटणीतून सुटली नाही. फॉर्स्टरला या व्यवस्थेची मोठी गंमत वाटली आणि इंग्रज वाचकालाही वाटली असणार. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या भिंतीतील कोनाड्यापर्यंत झालेल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ती तितकीशी अजब वाटणार नाही. तुकोजीरावांचा जन्म १ जानेवारी १८८८ चा. काका कृष्णाजीराव दुसरे यांच्यामागे १८९९ मध्ये ते गादीवर आले, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी. इंदूरचे डेली कॉलेज आणि अजमेरचे मेयो कॉलेज येथे शिक्षण झाले. १९०७ साली माल्कम डार्लिंग हा तरुण सनदी अधिकारी त्यांचा शिक्षक म्हणून देवासला आला. पुढे पंजाबातील शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर १९२५ साली प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारा तो हाच डार्लिंग. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला तो फॉर्स्टरचा स्नेही. त्याच्याच मुळे फॉर्स्टर देवासला पोहोचला आणि पुस्तकही त्यालाच अर्पण आहे. साडेचारशे चौरस मैलांच्या आतबाहेरचे, ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचे हे संस्थान. ग्वाल्हेर-इंदूरच्या शेजारी ते नकाशावर शोधावेच लागे.

या पुस्तकाचे मोठे श्रेय असे की त्यात एक माणूस उभा राहतो. संस्थानिकांवरील इंग्रजी लेखनाच्या दोन ठरीव तऱ्हा होत्या: एकीत शिकार, हत्ती, जवाहीर, दुसरीत चैन, कर्ज आणि अनाचार. फॉर्स्टरचे तुकोजीराव या दोन्हींत बसत नाहीत. ठेंगणे, चपळ, बोलके, क्षणात गंभीर तर क्षणात खोडकर, संभाषणात विलक्षण हुशार. दुसऱ्याच्या मनातले ओळखणारे आणि म्हणूनच दुसऱ्याच्या मनात नसलेलेही ओळखणारे. हा संशयी स्वभाव फॉर्स्टर लपवत नाही. महाराजांच्या ठायी त्याला असामान्य बुद्धी दिसते, एक प्रकारचे संतत्वही दिसते, आणि अशा माणसाला राज्य करावे लागले हेच त्याचे दुर्दैव, असे त्याचे मत आहे. फॉर्स्टरच्याच शिफारशीने छत्रपूरला गेलेल्या जे. आर. ॲकर्लीने १९३२ साली ‘हिंदू हॉलिडे’ हे पुस्तक लिहिले. ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. ॲकर्लीचा महाराजा हा विनोदाचा विषय आहे. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, पण त्याला काही जडतही नाही. फॉर्स्टरला तुकोजीरावांचा जीव लागला होता. ही माया प्रत्येक पानावर आहे, आणि पुस्तकाचे बळ जसे तीत आहे तसे दुबळेपणही तीतच आहे.

पत्रांच्या सुरावर मात्र आक्षेप घ्यावाच लागतो. घरच्यांची करमणूक करण्याच्या नादात आपण दूरदेशीच्या गंभीर गोष्टी हास्यास्पद करून टाकल्या, असे फॉर्स्टर स्वतःच प्रस्तावनेत मान्य करतो. ही प्रांजळ कबुली आहे हे खरे. पण कबुली देऊन पत्रे बदलत नाहीत. दरबारातील माणसे, त्यांच्या पगड्या, त्यांचे इंग्रजी, जेवणाच्या पंगती, सर्व काही विनोदाच्या चिमटीत पकडलेले आहे. गोकुळाष्टमीच्या मखरातील श्रीकृष्णाची इवली मूर्ती! तिला घरच्या पत्रात तो बाहुलीला द्यावे तसे लाडके इंग्रजी नाव देऊन मोकळा होतो. आपल्याला ते खटकते. खटकावेही.

आणि तरीही हीच गोकुळाष्टमी या पुस्तकाचे शिखर आहे, आणि मराठी वाचकाने सर्वाधिक वेळ थांबावे असे स्थळही तेच. १९२१ च्या ऑगस्टमध्ये दरबार नव्या वाड्यातून गावातील जुन्या वाड्यात मुक्कामाला गेला. आठ दिवस उत्सव चालला. फॉर्स्टर अनवाणी वावरला, कपाळी गंध लावून घेतले, मिरवणुकीत चालला. महाराज टाळ घेऊन देवापुढे नाचत होते, गात होते, तास न् तास. गोंगाट, चिखल, फुलांचा चोथा, विजेचे दिवे, बँडचे आणि भजनाचे एकमेकांवर कुरघोडी करणारे सूर, यांनी फॉर्स्टर वैतागून जातो; सौंदर्य कोठे दिसत नाही अशी तक्रार करतो; आणि त्याच दमात कबूल करतो की या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसले त्याला आपल्याजवळ शब्द नाही. लेखक म्हणून तो येथे पराभूत झाला आहे आणि ते त्याला कळले आहे. पत्रे म्हणून या पानांचे मोल यातच आहे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. अपुरी राहिलेली कादंबरी तो देवासला बरोबर घेऊन आला होता. येथे ती एक पाऊलही पुढे सरकली नाही. मायदेशी परतल्यावर ती पुरी झाली आणि १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली. तिचा तिसरा भाग ‘मंदिर’ म्हणजे देवासची गोकुळाष्टमी. घरच्या पत्रात जी थट्टा होती ती तेथे गळून पडली आहे, गोंधळ तेवढा राहिला आहे, आणि त्या गोंधळाला अर्थ आला आहे. इंग्रजी समीक्षकांनी या भागावर ढीगभर लिहिले. हिंदू गूढवाद, वेदान्त, विश्वैक्य असे मोठमोठे शब्द वापरले. पण एक साधी गोष्ट त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आली नसावी, ती ही की हा उत्सव मराठी आहे. कादंबरीतील मऊ हे संस्थान मध्य हिंदुस्थानातील. तेथे देवापुढे नाव घेतले जाते ते तुकारामाचे. सूरदास नाही, मीरा नाही, कबीर नाही. माळव्याच्या मातीत, हिंदी मुलखात, तुकोबा कोठून आले? पवारांच्या वाड्यातून आले. ज्याच्या नावातच तुकोबा आहे त्या राजाच्या मुखातून आले. आणि कादंबरीत ते भजन ज्याच्या तोंडी आहे ते गृहस्थ कोण? नारायण गोडबोले! लेखकाने त्यांना दक्षिणी ब्राह्मण म्हटले आहे आणि शेवटी मऊ संस्थानचे शिक्षणमंत्री केले आहे. दक्षिणेतून माळव्यात आलेले ब्राह्मण कारभारी, मराठे राजे, आणि वाड्यात अभंग: बृहन्महाराष्ट्राचे हे चित्र आपल्याला आजा-पणजांपासून ठाऊक आहे. इंग्रज वाचकाला ‘हिंदू’ एवढाच शब्द दिसतो. आपल्याला त्यात घर, जात, बोली आणि पंगत दिसते.

कादंबरीच्या अखेरीस मातीचे गोकुळ पाण्यात सोडतात, त्या ठिकाणी होड्या एकमेकींवर आदळतात आणि सारे पाण्यात पडतात. या गोकुळाचे रूपकात्मक अर्थ लावण्यात विद्वानांनी बरीच शक्ती खर्च केली आहे. नंद, यशोदा, गाई, गवळणी असे मातीचे गोकुळ मांडून दुसऱ्या दिवशी त्याचे विसर्जन करण्याची चाल मराठी घरांतून होती, अजूनही काही घरांत आहे. रूपक असेल, नाही असे नव्हे. पण आधी ती चाल आहे. फॉर्स्टरने ती पाहिली, नीट पाहिली आणि जशीच्या तशी उचलली. निरीक्षणाचे हे श्रेय त्याला दिले पाहिजे. कारण त्याने कल्पनेने रचलेले असे आपण जे समजतो त्यातील कितीतरी त्याने नुसते टिपलेले आहे.

आता राज्यकारभार. नव्या वाड्याचे बांधकाम वर्षानुवर्षे चालू, एक बाजू पुरी होण्याआधी दुसरी ढासळायला लागलेली. किमती विजेची यंत्रसामग्री आणून पडलेली. उन्हाळ्याने तडकलेले, वाजवता न येणारे पियानो. बागेवर खर्च, पण बागेला पाणी नाही. या साऱ्याचे वर्णन फॉर्स्टर हसत हसत करतो. ज्याने आयुष्यभर शासकीय अंदाजपत्रकाचे कागद हाताळले त्याला येथे हसू येत नाही. आपल्याकडे बांधकाम आणि बाग यांचीच देखरेख होती असे फॉर्स्टर सांगतो. मग त्या खर्चाचा मेळ कोठे आहे? खासगीचा खर्च कोणता आणि दरबारचा कोणता? इमारत पडते आहे हे दिसत असताना नव्या कामाला मंजुरी कोण देतो? सचिवाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने हे प्रश्न विचारलेच नाहीत. कर्जाचा डोंगर पुढे महाराजांच्या गळ्याशी आला, तेव्हा फॉर्स्टर त्याला दैव आणि राजकारण जबाबदार धरतो. परंतु त्या डोंगराचे दगड त्याच्या स्वतःच्या विनोदी पत्रांतून विखुरलेले आहेत. शेजारच्या इंदुरात थोड्याच वर्षांनी यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधवून घेतली. हौसच ती, आणि रयतेच्या पैशाची. पण इमारत पुरी झाली, आणि जगातील वास्तुकलेच्या इतिहासात तिची नोंद झाली. देवासच्या हौसेला तेवढेही भाग्य नव्हते.

येथवर वाचकाचे आणि लेखकाचे फारसे बिनसत नाही. बिनसते ते कुटुंबाच्या प्रकरणी.

तुकोजीरावांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई उर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला. ४ एप्रिल १९१० रोजी पुत्र झाला, विक्रमसिंह. हे लग्न टिकले नाही. काही वर्षांतच अक्कासाहेब माहेरी परतल्या आणि पुन्हा देवासला नांदावयास आल्या नाहीत. मुलगा देवासला बापाजवळ राहिला. पुढे राणीचा दर्जा नसलेल्या एका बाईसाहेबांशी महाराजांनी घरोबा केला. त्यांना मुले झाली. फॉर्स्टर १९२१ मध्ये आला तेव्हा घराची ही अशी मांडणी होती. अकरा वर्षांचा राजपुत्र त्याने पाहिला, त्याच्याविषयी ममतेने लिहिले. बाईसाहेबांविषयीही तो आदराने लिहितो. अक्कासाहेब मात्र पुस्तकात जवळजवळ नाहीत. आहे ते ‘कोल्हापूर’. म्हणजे एक वैरी दरबार, हेर पाठवणारा, कट रचणारा, ज्याच्या नावाने महाराजांची झोप उडे. एका स्त्रीच्या जागी एक संस्थान उभे केले की तिची बाजू मांडण्याचा प्रश्नच उरत नाही.

ती बाजू काय असेल? अक्कासाहेब ज्या घरात वाढल्या ते घर कोणते होते याचा विचार करा. वेदोक्त प्रकरणात ज्याने धर्मसत्तेशी उघड झुंज घेतली, १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या राजाची ती लेक. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती देवासला आली, पडद्यात आली. तिने पोटचा एकुलता मुलगा मागे ठेवून माहेर गाठले. ही गोष्ट कोणत्याही मराठी घरात, राजाच्या असो की रयतेच्या, हलक्याने घडत नाही. तिला कारण होते की नव्हते, असले तर कोणते, हे फॉर्स्टरला ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे हा दोष नव्हे. परंतु ठाऊक नसताना त्याने निकाल दिला आहे, आणि तो मित्राच्या बाजूने दिला आहे. कोल्हापुरात पुढे कित्येक दशके त्या ‘अक्कासाहेब महाराज’ म्हणून मानाने वावरल्या, पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या हयात होत्या. त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

१९२६ मध्ये विक्रमसिंहांचे लग्न जतच्या डफळे घराण्यातील कन्येशी झाले. बाप-लेकांतील संबंध त्यानंतर झपाट्याने बिघडले. १९२७ च्या अखेरीस, वडिलांकडून आपल्या जिवाला धोका आहे, विषप्रयोगाचा घाट आहे, असे म्हणत युवराजांनी देवास सोडले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आश्रय घेतला. वर्तमानपत्रांत गवगवा झाला. फॉर्स्टर या भागाला ‘अरिष्ट’ म्हणतो आणि महाराज निर्दोष होते असे आपल्या सर्व शक्तीनिशी प्रतिपादतो. त्याची प्रमाणे कोणती? महाराजांची पत्रे, महाराजांचा स्वभाव, आणि आपला त्यांच्यावरील विश्वास. कोणत्याही चौकशीत ही प्रमाणे दुय्यम ठरतील. एक सतरा वर्षांचा मुलगा, ज्याची आई लहानपणीच दूर गेली, ज्याच्या घरात संशय हाच श्वास होता, तो रातोरात घर सोडतो. त्याचा आरोप खरा नसला तरी त्याची भीती खोटी नसते. भीतीची ही शक्यता फॉर्स्टरच्या लेखणीने तपासली असती, तर महाराजांची थोरवी कमी झाली नसती. उलट, संशयाने पोखरलेला बाप आणि त्याच संशयाचा वारसा घेतलेला मुलगा असे एक शोकात्म आणि खरे चित्र हाती आले असते. ‘अ पॅसेज टु इंडिया’त ज्याने एका न सिद्ध होणाऱ्या आरोपाभोवती सारी कादंबरी उभारली, आणि गुहेत काय घडले ते वाचकाला शेवटपर्यंत सांगितले नाही, त्याच लेखकाने देवासच्या वाड्यात काय घडले याविषयी इतके निःशंक असावे, याचे आश्चर्य वाटते.

ब्रिटिश राजकीय खात्यावर त्याने ठेवलेला ठपका मात्र बराचसा पटण्यासारखा आहे. आधी मित्र म्हणून खांद्यावर हात आणि अडचणीच्या वेळी फक्त खलिते, ही त्या खात्याची रीत अनेक संस्थानिकांनी अनुभवली. इतर वेळी त्याच खात्याने याहून वाईट राजे गोड मानून घेतले होते, हेही खरे.

फॉर्स्टरच्या एकतर्फीपणाचे एक कारण १९५३ च्या वाचकाला कळण्यासारखे नव्हते. १९८३ साली या पुस्तकाची एलिझाबेथ हाइन यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली. तीत फॉर्स्टरने १९२२ च्या सुमारास लिहून ठेवलेले आणि हयातीत कधीही न छापलेले एक खासगी टिपण समाविष्ट आहे. त्यावरून असे समजते की समलिंगी ओढीने बेचैन झालेल्या फॉर्स्टरने देवासला अखेर महाराजांपाशी मन मोकळे केले. महाराजांनी त्याची निंदा केली नाही, त्याला हाकलले नाही, उलट बभ्रा होऊ नये म्हणून आपल्या परीने सोय पाहिली. १९२१ साली एका संस्थानिकाने एका इंग्रज पाहुण्याला दाखवलेले हे औदार्य थक्क करणारे आहे. त्या काळच्या इंग्लंडात फॉर्स्टर तुरुंगात जाऊ शकला असता. तो या ऋणातून कधीच उतराई झाला नाही. ‘द हिल ऑफ देवी’ ही त्या ऋणाची फेड आहे असे आता म्हणता येते. पण त्या टिपणाची दुसरी बाजूही आहे. राजाच्या मर्जीतला साहेब आणि वाड्यातला एक हलक्या दर्जाचा नोकर, यांच्यात संमतीला कितपत अर्थ असतो? पुढे आपण त्या नोकराशी निष्ठुरपणे वागलो, हे फॉर्स्टर स्वतः लिहितो. लेखकाच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी ही पाने बाहेर आली. कुटुंबातील इतरांची गुपिते छापणाऱ्याने स्वतःचे गुपित तेवढे मागे ठेवले होते, ही नोंद समीक्षेने करावयास हवी. त्यात कुत्सितपणा नाही. कायद्याच्या धाकाने त्याचे तोंड बांधले होते हे मान्य करूनही नोंद करावयास हवी.

रयतेविषयी लिहिण्यासारखे फार नाही, कारण पुस्तकात रयत नाही. देवासच्या खेड्यातील माणूस कसा जगे, सारा किती देई, राजाकडे कसा पाही, हे जाणायचे तर एड्रियन मेयर या मानववंशशास्त्रज्ञाकडे वळावे लागते. त्याने १९५० च्या दशकात देवासजवळच्या एका खेड्यात राहून १९६० साली माळव्यातील जात आणि नातेसंबंध यांवर ग्रंथ लिहिला. तो रूक्ष आहे. पण फॉर्स्टरची पत्रे वाचल्यावर त्याची पाने उलटावीत. एकाच्या गाळलेल्या जागा दुसऱ्यात भरलेल्या दिसतात.

आणखी एक गोष्ट इंग्रज लेखकाच्या हातून निसटली, ती दत्तकाची. फॉर्स्टरच्या मनात कुटुंब म्हणजे बाप, आई, मूल. मराठा राजघराण्यात कुटुंब गादीभोवती असते आणि रक्त पुष्कळदा गादीच्या मागून चालते. शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांच्या घरातून १८८४ मध्ये दत्तक गेलेले. तुकोजीराव काकांच्या गादीवर आलेले. आणि ज्या कोल्हापूरच्या नावाने तुकोजीरावांनी आयुष्यभर धास्ती घेतली त्याच कोल्हापूरच्या गादीवर १९४७ साली त्यांचा पुत्र दत्तक गेला. १९४० मध्ये छत्रपती राजाराम महाराज वारले, नंतर दत्तक घेतलेले बालराजेही १९४६ मध्ये गेले. तेव्हा देवासची गादी आपल्या मुलाकडे सोपवून विक्रमसिंह ‘शहाजी छत्रपती’ झाले. म्हणजे आईच्या माहेरच्या गादीवर, आजोबांच्या जागी, मुलगा बसला. त्यांनीही १९६२ साली आपल्या कन्येचा, नागपूरकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेतला आणि त्यावरून कोल्हापुरात मोठे वादळ उठले. तेच शाहू छत्रपती २०२४ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेले. देवासच्या शाखेतील तुकोजीराव (चौथे) मध्य प्रदेशात मंत्री झाले, २०१५ मध्ये वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी देवासमधून विधानसभेवर निवडून आल्या. शहाजी छत्रपती स्वतः मे १९८३ मध्ये निवर्तले. ज्या वर्षी फॉर्स्टरचे ते खासगी टिपण छापले गेले, त्याच वर्षी. बापावर केलेल्या आरोपाची आपली बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी लिहिले असते तर आजची चर्चा निराळी झाली असती.

महाराजांच्या अखेरीविषयी फॉर्स्टर संयमाने लिहितो आणि ती पाने उत्तम उतरली आहेत. खजिना रिकामा झाला, हिंदुस्थान सरकारने चौकशीचा तगादा लावला. १९३३ मध्ये महाराज दक्षिणेच्या तीर्थयात्रेला म्हणून निघाले आणि पाँडिचेरीत थांबले. फ्रेंचांचा मुलूख, ब्रिटिश वॉरंट तेथे चालत नसे. अरविंद घोष १९१० पासून तेथे होते, तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतीही दहा वर्षे तेथे राहून गेले होते. सरकारशी लढणारे ज्या वेशीतून आत गेले त्याच वेशीतून सरकारचा एक मांडलिक राजाही गेला. तेथे पैशाची ओढाताण, मोजकी माणसे, आणि पूजाअर्चा. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला. वय अवघे एकोणपन्नास.

ता. क. उज्जैनच्या वाचकांसाठी: फॉर्स्टरने आपल्या गावावरही एक छोटा निबंध लिहिला आहे, विक्रमादित्याच्या नवरत्नांच्या निमित्ताने. १९१४ सालचा तो निबंध १९३६ च्या ‘ॲबिंजर हार्व्हेस्ट’ या संग्रहात आहे. मंडळाच्या एखाद्या बैठकीत तो मराठीतून वाचला जावा. त्याच बैठकीत देवासच्या दोन्ही पात्यांची जुनी मोडी दप्तरे कोणाच्या घरी, कोणत्या स्थितीत आहेत याची माहिती असणाऱ्यांनी ती सांगावी; अक्कासाहेबांची बाजू कोठे सापडली तर तेथेच सापडेल.